तुमच्या पॅनेलचे पैसे आधी कोणी भरले?

जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये अलीकडे काही घरांच्या बागांना सोलर पॅनेलचं कुंपण दिसू लागलं आहे. असं उभं केलेलं पॅनेल छतावरच्यापेक्षा कमी वीज देतं, हे लावणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. पण पॅनेलचा भाव लाकडी फळ्यांच्या बरोबरीला आला आहे, आणि तिकडे छतावर चढणाऱ्या कामगाराची मजुरीच जड जाते. आडोसा करायचाच आहे, तर तो वीज देणारा का नको, इतका सरळ हिशेब.

मला ही बातमी पचायला वेळ लागला, कारण कुंपणाला लावलेली ही वस्तू साधीसुधी नाही. तिच्यातलं सिलिकॉन इतकं शुद्ध असतं, की शंभर कोटी अणूंमागे परके अणू बोटांवर मोजण्याइतके. तिच्यात फिरणारा एकही भाग नाही, आवाज नाही, धूर नाही. ऊन पडलं की वीज सुरू, आणि हे सलग पंचवीस-तीस वर्षं. १९७६ साली एका वॅटचं पॅनेल आजच्या पैशांत शंभर डॉलरांहून महाग होतं. २०२४ साली चिनी कारखान्यातून बाहेर पडताना तोच वॅट साधारण दहा सेंटला मिळत होता. आपल्याकडे छतावर बसतं तसं साडेपाचशे वॅटचं एक पॅनेल घ्या. १९७६च्या दराने त्याला आजचे पंचेचाळीस-पन्नास लाख रुपये पडले असते. २०२४च्या चिनी दराने पाच हजारांच्या आत. (भारतात आयातकर आणि अनुदानाच्या योजनांमधली देशी पॅनेलची अट यांमुळे भाव याहून बराच जास्त असतो, पण उतार तोच.)

हजारपट स्वस्त. याच काळात दगडी कोळसा किती स्वस्त झाला? महागाई वजा करून पाहिलं तर कोळशाचा भाव शंभराहून अधिक वर्षं वर-खाली होत राहिला आहे, पण कायमचा असा उतरलेला नाही. खाणीत शिकलेलं कौशल्य कोळसा स्वस्त करतं, आणि वरचा थर संपून आणखी खोल जावं लागलं की ती बचत वाहून जाते. पॅनेलला खाली जायचंच नसतं. ते जमिनीतून काढायचं इंधन नाही, कारखान्यात घडवायची वस्तू आहे. १९३६ साली थिओडोर राइट या अमेरिकी अभियंत्याने विमानांच्या कारखान्यांतले आकडे मांडून दाखवलं होतं, की आजवर तयार झालेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की पुढच्या विमानाला लागणारं श्रमाचं मोल साधारण २० टक्क्यांनी उतरतं. सोलर पॅनेलचा भावही एकूण उत्पादनाच्या दर दुपटीमागे तसाच विसेक टक्क्यांनी उतरत आला आहे. रिचर्ड स्वॉन्सन या उद्योजकाच्या नावाने तो नियम ओळखला जातो.

या नियमात एक गोष्ट दडलेली आहे, आणि मला ती सगळ्यांत विलक्षण वाटते. भाव काळाने उतरत नाही. नुसती वाट पाहत बसलं तर काहीच होत नाही. कोणीतरी आधी महाग असताना विकत घ्यावं लागतं, तेव्हा पुढचं पॅनेल स्वस्त होतं. म्हणजे आज आपल्या छतावर जे पॅनेल बसतं, त्याच्या किमतीचा मोठा भाग दुसऱ्याच लोकांनी आधीच चुकता केलेला आहे. हे लोक कोण, याची वंशावळ पाहण्यासारखी आहे.

सुरुवात टेलिफोनपासून होते. न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन या अभियंत्यापुढे काम होतं ते उष्ण, दमट प्रदेशांतल्या दूरच्या टेलिफोन यंत्रणेला वीज पुरवण्याचं. तिथल्या हवेत साध्या बॅटऱ्या लवकर खराब व्हायच्या. त्याने सेलेनियमच्या सोलर सेल करून पाहिल्या, तर अंगावर पडणाऱ्या उन्हाच्या अर्धा टक्काही वीज हाती येईना. त्याच संस्थेत जेराल्ड पिअरसन आणि कॅल्विन फुलर सिलिकॉनवर काम करत होते. पिअरसनने चॅपिनला सांगितलं, सेलेनियमचा नाद सोड, हे घे. २५ एप्रिल १९५४ रोजी त्यांनी पत्रकारांसमोर सिलिकॉनच्या सेलवर खेळण्यातला एक छोटा आकाशपाळणा फिरवून दाखवला. सहा टक्के उन्हाची वीज होत होती. दुसऱ्या दिवशी न्यू यॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. पुढे चॅपिनने हिशेब करून पाहिला, की एका अमेरिकी घराला पुरेल एवढ्या सेल घ्यायला किती पैसे लागतील. उत्तर आलं चौदा लाख डॉलरांहून अधिक.

एवढ्या महाग मालाला गिऱ्हाईक कोण? ज्याला दुसरा इलाजच नाही तो. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने व्हॅनगार्ड-१ हा चिमुकला उपग्रह सोडला. त्यात दोन रेडिओ-प्रक्षेपक होते, एक बॅटरीवर, दुसरा सोलर सेलवर. बॅटरीवरचा तीनेक महिन्यांत गप्प झाला. उन्हावरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. त्यानंतर अंतराळात जायचं तर सोलर सेल हवी, हे ठरून गेलं. पण वर्षाला मोजकेच उपग्रह उडायचे. तेवढ्या मागणीवर भाव फार उतरणार नव्हता.

जमिनीवरच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांत तेल कंपन्या होत्या. विश्वास बसायला कठीण, पण खरं आहे. एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाला जमिनीवर परवडेल अशी सेल करायची होती, आणि पैसा दिला एक्सॉन या तेल कंपनीने. बर्मनने उपग्रहांसाठीचे सगळे सोपस्कार काढून टाकले. चिप बनवणाऱ्यांनी नापास केलेल्या सिलिकॉनच्या चकत्या उचलल्या, तासून-घासून देखणी करण्याची कामं वगळली, आणि वॅटचा भाव त्या वेळच्या शंभर डॉलरांवरून विसांवर आणला. १९७३ची ही गोष्ट. मेक्सिकोच्या आखातात समुद्रात उभ्या असलेल्या तेलविहिरींच्या फलाटांवर इशाऱ्याचे दिवे आणि भोंगे लागतात. त्यांच्या अवजड बॅटऱ्या बदलायला बोट, क्रेन, माणसं पाठवावी लागत. त्यापुढे वॅटमागे वीस डॉलर म्हणजे काहीच नाही. अशा रीतीने तेलाच्या पैशाने सोलरची दुसरी पायरी बांधली गेली.

पुढची पायरी जपानची: सोलर सेलवर चालणारे कॅल्क्युलेटर, आणि १९९४ पासून सरकारी मदतीने घरांची छतं. आणि मग जर्मनी, जिथे या कथेचा सर्वांत मोठा दाता बसलेला आहे. २००० साली जर्मन संसदेने कायदा केला, की जो कोणी छतावर किंवा शेतात सोलर लावेल त्याची प्रत्येक युनिट वीज पुढची वीस वर्षं ठरलेल्या भावाने घेतली जाईल. सुरुवातीचा भाव होता युनिटमागे जवळपास अर्धा युरो, बाजारभावाच्या कित्येक पट. पैसा आला कुठून? सगळ्यांच्या वीजबिलांतून. भाड्याच्या घरात राहणाऱ्या पेन्शनर बाईने, बेकरीवाल्याने, शिक्षकाने महिन्याच्या बिलात थोडा-थोडा अधिभार भरला आणि त्यातून हजारो शेतकऱ्यांच्या गोठ्यांवर पॅनेलं चढली. जर्मनीसारख्या ढगाळ देशात सोलर लावणं हा वेडेपणा आहे, असं म्हणणारे अर्थतज्ज्ञ कमी नव्हते. केवळ जर्मनीचा हिशेब मांडला तर ते अगदी चूक नव्हते. ती वीज फार महाग पडली. पण त्या अधिभाराने जे विकत घेतलं गेलं, ते त्यांच्या ताळेबंदात मावणारं नव्हतं.

त्या अधिभाराचं फळ चीनमध्ये दिसलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात प्रा. मार्टिन ग्रीन यांची सोलर सेलची प्रयोगशाळा जगात पहिल्या रांगेत होती. तिथे शिकलेला शी झेंगरोंग मायदेशी परतला आणि २००१ साली वूशी शहरात त्याने सनटेक नावाची कंपनी काढली. गिऱ्हाईक जर्मन, ज्ञान ऑस्ट्रेलियन, कारखाना चिनी. त्याच्या पाठोपाठ ग्रीन यांचे आणखी विद्यार्थी, मग शहरामागून शहरं या धंद्यात उतरली. २००८ मध्ये शुद्ध सिलिकॉनची इतकी टंचाई झाली की किलोला चारशे डॉलरांच्या वर भाव गेला. तो पाहून इतके कारखाने निघाले, की दोन वर्षांत भाव कोसळला आणि २०२४ पर्यंत तो पाच-सहा डॉलरांवर आला. सनटेक स्वतः २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. या धंद्यात भाव पाडणारे अनेकदा त्याच भावाखाली चिरडले गेले आहेत. २०२४ सालीही चीनमधल्या मोठमोठ्या पॅनेल कंपन्या तोट्यात होत्या.

स्वस्ताई नेमकी कुठे घडते, ते एकदा जवळून पाहू. वितळलेल्या सिलिकॉनमधून माणसाहून उंच असा गोल ठोकळा फिरवत-फिरवत वर ओढला जातो. ही युक्ती यान चोखराल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाची. १९१६ मध्ये लिहिता-लिहिता दौतीऐवजी वितळलेल्या कथलात टाक बुडवला आणि वर काढताना धातूचा एक तंतू टाकाला चिकटून आला, अशी तिची हकीकत सांगतात. त्या ठोकळ्याचे बटाट्यासारखे काप करायचे. पूर्वी तारेवर घासणाऱ्या भुकटीचा चिखल सोडून कापत, आणि जेवढा काप मिळे जवळपास तेवढाच माल भुसा होऊन जाई. विचार करा, इतक्या कष्टाने शुद्ध केलेलं द्रव्य, आणि निम्मं चिखलात! मग हिऱ्याचे कण बसवलेली तार आली. आज ती केसाहून बारीक असते. काप स्वतःही अर्ध्यावर आला आहे, दीड दशांश मिलिमीटरच्या आत-बाहेर. विसेक वर्षांपूर्वी एका वॅटला सोळा ग्रॅम सिलिकॉन लागत होतं, आता दोन ग्रॅमच्या आसपास. वीज गोळा करायला सेलवर ज्या चांदीच्या रेषा छापतात, त्याही बारीक-बारीक होत गेल्या. तरीही जगात दरवर्षी खपणाऱ्या चांदीचा जवळपास सहावा हिस्सा आता या रेषांत जातो, इतक्या सेल बनतात. एकही शोध असा नाही की ज्याने एका रात्रीत भाव पाडला. प्रत्येक पाळीत कोणीतरी एक मायक्रॉन वाचवला.

या स्वस्ताईत दोन काळ्या गोष्टीही मिसळलेल्या आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. सिलिकॉन शुद्ध करायला प्रचंड वीज लागते आणि चीनमध्ये ती बरीचशी कोळशावरची होती. आणि शिनजियांग प्रांतातल्या उत्पादनात उइगुर लोकांकडून सक्तीची मजुरी करून घेतल्याचे गंभीर आरोप आहेत. अमेरिकेने २०२१ मध्ये कायदा करून त्या प्रांतातून येणाऱ्या मालावर बंदी घातली. त्या मजुरांनी मोजलेली किंमत वॅटच्या भावात दिसत नाही.

भारत या रांगेत उशिरा आला आणि त्याचा फायदा आपल्याला मिळाला. राष्ट्रीय सौर अभियान २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या लिलावात सरासरी भाव आला युनिटला बारा रुपयांच्या वर. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला, आणि २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांवर. जानेवारी २०२५ अखेर देशातली सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली.

पण मला या आकड्यांहून महत्त्वाचं वाटतं ते शेतावर काय झालं ते. महाराष्ट्रात शेतीची वीज वर्षानुवर्षं चक्राकार पद्धतीने मिळत आली: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची लाईट असली की पिकाला पाणी द्यायला, म्हणजे दारं धरायला, रात्रीच जावं लागतं. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात रात्री बॅटरी घेऊन बांधावर जाणं म्हणजे काय, ते बिबट्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको. आणि साप सगळीकडेच. त्यात मध्येच फेज गेला की मोटार जळायची धास्ती, डीपी (शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर) जळाला की आठ-आठ दिवस पीक ताणावर.

सौर पंपाचं पाणी वेगळ्या रीतीने येतं. सकाळी ऊन वर चढेपर्यंत पाइपातून बारीक धार. दहा-अकराच्या सुमाराला ती भरून येते. ढग आला की आपोआप मंदावते, सरकला की पुन्हा जोर धरते. काही ठिकाणी पॅनेलचा सांगाडा हाताने फिरवता येतो, मग शेतकरी तो सकाळी पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला वळवतो. आठवड्याला काचेवरची धूळ पुसली की झालं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या २०२४ च्या योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के. दुसरीकडे २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं २०२३ मधलं पुढचं पाऊल असं, की उपकेंद्रांजवळ सोलर उभारून शेतीचे फीडर दिवसा चालवायचे. लक्ष्य सोळा हजार मेगावॉट. तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. खोल बोअरला पंप कमी पडतो, ढगाळ आठवड्यात पिकाला ताण बसतो, वादळात सांगाडे उलटतात, आणि साधी वीजजोडणी हवी असणाऱ्यालाही सोलरच घ्यावं लागतं. तरी दिवसा पाणी देऊन रात्री घरी झोपता येणं, याची किंमत ज्याने रात्री दारं धरली आहेत त्यालाच विचारावी.

पाण्याचं मात्र कोडं आहे. ऊन फुकट, पंप दारात, मग विहीर उपसायला अडवणार कोण? गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावी यावर एक सुंदर तोड काढली गेली. पाणी-धोरणाचे अभ्यासक तुषार शाह यांच्या मदतीने सुरुवातीला सहा शेतकऱ्यांनी सौर सहकारी मंडळी काढली आणि पंपांच्या पॅनेलची उरलेली वीज वीज कंपनीला विकायला घेतली. मग पाणी उपसणं म्हणजे विकता आली असती ती वीज जाळणं. ऊनच पीक झालं, आणि पाणी जपून वापरायला कारण मिळालं. उसाच्या प्रदेशात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

स्वस्त पॅनेल सरकारच्या परवानगीची वाट पाहत नाही, हे पाकिस्तानने दाखवलं. तिथे २०२२ नंतर विजेचे दर भडकले आणि लोकांनी कोणत्याही मोठ्या योजनेशिवाय चिनी पॅनेलं घ्यायला सुरुवात केली: गिरण्यांवर, मशिदींवर, कूपनलिकांजवळ. एकट्या २०२४ मध्ये सतरा हजार मेगावॉटच्या आसपास पॅनेलं त्या देशात उतरली. देशातल्या सगळ्या वीजकेंद्रांची क्षमता पन्नास हजारांच्या आत, हे लक्षात घेतलं की आकड्याचा आवाका कळतो. पण वीजकेंद्रांचं कर्ज आणि ठरीव आकार तसाच राहिला, आणि तो भरणारे कमी झाले. ज्याला छत आहे तो सुटला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं बिल वाढलं, आणि बिल वाढलं म्हणून आणखी कोणी सुटला. मुंबई-पुण्याच्या सोसायट्या आणि महावितरणचा गिऱ्हाईकवर्ग पाहता हा प्रश्न आपल्या दारातही येणार आहे. एक कोटी घरांसाठीच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं. पण ज्याच्या डोक्यावर स्वतःचं छत नाही, त्याच्यासाठी काय, याचं उत्तर वेगळं शोधावं लागेल. जर्मनीत भाडेकरू गॅलरीच्या कठड्याला छोटं पॅनेल टांगतात आणि त्याची वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खोचतात. अशा दहा लाखांहून अधिक जोडण्यांची तिथे नोंद झाली आहे.

आणि आणखी एक प्रश्न दुपारचा. सगळ्यांची पॅनेलं एकाच वेळी, एकाच सूर्याखाली चालतात, म्हणून दुपारी बाराला वीज उतू जाते आणि संध्याकाळी सातला तुटवडा. कॅलिफोर्नियात, जर्मनीत दुपारचा घाऊक भाव कधी कधी शून्याखाली जातो. वीज घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. ऑस्ट्रेलियात तीनांपैकी एका घरावर सोलर आहे. तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की जुलै २०२६ पासून काही राज्यांत ग्राहकांना दुपारचे तीन तास वीज फुकट देणारी योजना कंपन्यांनी ठेवायची. छत नसलेल्या, भाडेकरू घरांनाही ती मिळणार. महाराष्ट्रातही स्मार्ट मीटर असलेल्या घरांना दिवसाच्या विजेला सवलत सुरू झाली आहे. लिथियमच्या बॅटऱ्याही त्याच जिन्याने उतरत आहेत: २०१० मध्ये एका किलोवॅट-तासाच्या साठ्याला हजार डॉलरांहून जास्त पडत, २०२४ मध्ये सव्वाशेच्या आत.

त्या पुरेशा स्वस्त होईपर्यंत दुपारची कामं दुपारीच करणं हा सगळ्यांत स्वस्त साठा. नाशिकच्या द्राक्षांचं शीतगृह दुपारी जास्त थंड करून ठेवता येतं, पाण्याच्या टाक्या भरून घेता येतात, गिरणी चालवता येते, बर्फ करता येतो. वर्षानुवर्षं आपण रात्री विजेला मागणी नसते म्हणून शेतकऱ्याला रात्री पाणी द्यायला लावलं. आता जास्तीची वीज भर दुपारी असते, आणि वेळापत्रक बदलण्याची पाळी कारखान्यांची, महापालिकांच्या पाणीपुरवठ्याची आणि शहरांतल्या आपल्या घरांची आहे.